डिप्लोमाची तीन वर्षं, डिग्रीचं एक वर्ष: क्रेडिट ट्रान्सफर होतं म्हणजे नक्की काय होतं?



आमच्या सोसायटीतला एक मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा मालाड स्टेशनवरून मार्वे रोडच्या शेअर रिक्षात तो माझ्या शेजारीच बसला होता. त्याने विचारलं, "ताई, माझे डिप्लोमाचे क्रेडिट डिग्रीला ट्रान्सफर होतात ना?" मी म्हटलं, "हो, होतात की. थेट सेकंड इयरला जाशील." तो खूश झाला. मी मात्र घरी येऊन अस्वस्थ झाले. कारण हेच "हो" मलाही कोणीतरी सांगितलं होतं, मी त्यावर विश्वास ठेवला होता, आणि तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्रीमध्ये मला केटी लागली होती.

उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. "ट्रान्सफर होतं" या दोन शब्दांत तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात आणि आपण त्यातल्या एकाचंच उत्तर देऊन मोकळे होतो. आज ते तीन प्रश्न सुटे करूया. डिप्लोमा किंवा बीएस्सी करून इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना वेगळा उपयोग आहे: रोजच्या वापरातला एखादा शब्द संशोधनाचा प्रश्न कसा होतो, ते इथे अगदी स्वच्छ दिसतं.

आधी, क्रेडिट काय मोजतं?

एआयसीटीईने २०१८ मध्ये इंजिनिअरिंगसाठी आदर्श अभ्यासक्रम काढला. त्यातला हिशेब असा: आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, एक तास ट्युटोरियल म्हणजे एक क्रेडिट, आणि दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. चार वर्षांच्या पदवीला एकूण १६० क्रेडिट, म्हणजे वर्षाला सरासरी ४०. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात शिकण्याचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट, वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट असं धरलं आहे. या तासांत वर्गातला वेळ, लॅब आणि घरचा अभ्यास सगळं येतं.

युरोपात १९८९ पासून जी पद्धत आहे तिथे पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरतात. म्हणजे तिथले ६० आणि आपले ४०, दोन्ही "एक वर्ष"च आहेत. त्यामुळे परदेशी अर्ज करताना क्रेडिटचे आकडे थेट एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका. वर्षाच्या एकूण क्रेडिटशी प्रमाण काढा.

या हिशेबाचं मूळ अमेरिकेत आहे आणि ते मजेशीर आहे. १९०५ मध्ये कार्नेगी फाउंडेशन स्थापन झालं ते प्राध्यापकांना पेन्शन देण्यासाठी. पण पेन्शन कोणत्या कॉलेजच्या प्राध्यापकांना द्यायचं? त्यासाठी "कॉलेज" कशाला म्हणायचं ते ठरवावं लागलं. मग हायस्कूलमधल्या अभ्यासाचं एक एकक ठरलं, साधारण १२० तासांचं, आणि अशी १४ एककं पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणारी संस्था ती कॉलेज. म्हणजे तास मोजण्याची ही सवय पसरली ती प्रशासनाच्या गरजेतून. विद्यार्थ्याला काय येतं ते मोजायला हे एकक बनवलेलंच नव्हतं.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लिटर म्हटलं की किती ते कळतं, दूध की ताक ते कळत नाही. क्रेडिटचंही तसंच आहे.

एका शब्दात तीन प्रश्न

आता ते तीन प्रश्न.

पहिला: नव्या संस्थेने तुमचे क्रेडिट स्वीकारले का?

दुसरा: स्वीकारलेले क्रेडिट तुमच्या पदवीच्या अटीत धरले का? म्हणजे त्यामुळे एखादा सक्तीचा विषय सुटला का, वेळ वाचला का?

तिसरा: जुन्या ठिकाणी शिकलेलं नव्या ठिकाणच्या पुढच्या विषयाला पुरलं का?

मालाडहून घाटकोपरला जायचंय असं धरा. अंधेरीपर्यंत लोकलने गेलात, तिथे मेट्रो पकडली. तुम्ही अंधेरीपर्यंत आलात हे कोणी नाकारत नाही, पण लोकलचा पास मेट्रोच्या गेटवर चालत नाही. तेच दादरला उतरून सेंट्रलला गेलात तर रेल्वेचं तिकीट पुढे चालतं. प्रवास दोन्हीकडे झालेलाच आहे, फक्त तो हिशेबात धरायचा की नाही हे पुढची व्यवस्था ठरवते.

पहिल्या दोन प्रश्नांमधली दरी किती मोठी असू शकते? अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाया गेले, असं त्यात म्हटलं आहे. तिथे प्रत्येक विषयाची वेगळी छाननी होते. त्यातही अनेकदा असं होतं की विषय स्वीकारला जातो, पण "ऐच्छिक" म्हणून. मग क्रेडिट कागदावर दिसतात, पण सक्तीचा विषय पुन्हा करावाच लागतो. कॅलिफोर्नियात यावर उपाय म्हणून "असिस्ट" नावाची सार्वजनिक माहिती-व्यवस्था आहे. कोणत्या दोन वर्षांच्या कॉलेजमधला कोणता विषय कोणत्या सरकारी विद्यापीठात कशाच्या बदल्यात चालतो, ते विद्यार्थ्याला प्रवेशाआधीच बघता येतं.

आता आपल्याकडे येऊ.

महाराष्ट्रातला रस्ता: थेट द्वितीय वर्ष

दहावीनंतर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा, म्हणजे एमएसबीटीईचा, तीन वर्षांचा डिप्लोमा. त्यानंतर सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, ज्याला सगळे डीएसई म्हणतात. यासाठी सीईटी द्यावी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर मेरिट लागतं. पात्रतेला किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४०. जागा असतात त्या मंजूर जागांवरच्या काही वाढीव, आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या. आमच्या मालाडमध्ये मार्वे रोडला चारकोप नाक्यापाशी अथर्व कॉलेज आहे, पुढे बोरिवलीला सेंट फ्रान्सिस आहे. दरवर्षी "कुठे नंबर लागेल?" ही चर्चा आमच्याकडे याच नावांभोवती फिरते.

इथे काय होतं बघा. तुमच्या डिप्लोमातल्या एकाही विषयाची छाननी होत नाही. कोणी तुमचा सिलॅबस उघडून बघत नाही. अकरावी, बारावी आणि इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष ही तीन वर्षं एका बाजूला, डिप्लोमाची तीन वर्षं दुसऱ्या बाजूला, आणि मधे बरोबरचं चिन्ह. १६० पैकी पहिल्या वर्षाचे साधारण ४० क्रेडिट एका गठ्ठ्यात सुटतात. याला आपण गठ्ठा-ट्रान्सफर म्हणू.

गठ्ठा-ट्रान्सफरचा फायदा मोठा आहे. अमेरिकेतल्यासारखं ४३ टक्के वाया जाण्याचा प्रश्नच येत नाही. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर स्वच्छ "हो". दहावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे डिप्लोमा निवडलेल्या मुलामुलींसाठी पदवीचं दार उघडं राहतं ते यामुळेच. मीही त्यातलीच.

पण तिसऱ्या प्रश्नाचं काय? तो कोणी विचारतच नाही.

गंमत म्हणजे त्याच नियमावलीत दुसऱ्या एका गटासाठी तो प्रश्न विचारलेला आहे. बीएस्सी झालेले, बारावीला गणित असलेले विद्यार्थीही दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ शकतात. पण त्यांना अट आहे: पहिल्या वर्षातले इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि इंजिनिअरिंग मेकॅनिक्स हे दोन विषय दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर पास करायचे. म्हणजे इथे कोणीतरी बसून विचार केला आहे की बीएस्सीवाल्याला गणित आणि भौतिकशास्त्र येतं, पण ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स झालेलं नाही, तर तेवढं भरून घ्या. त्रुटी नावानिशी सांगितली आहे.

डिप्लोमावाल्यांसाठी अशी नावानिशी यादी नाही. एआयसीटीईच्या पुस्तिकेत एवढंच आहे की वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग वगैरेचे ब्रिज कोर्स द्यावेत. माझ्या कॉलेजात ब्रिज कोर्स झाला तो दोन दिवसांचा, आणि त्यातला एक दिवस ओळखपरेडमध्ये गेला.

दोन सिलॅबस समोरासमोर

आता एक काम करा. एमएसबीटीईच्या आय स्कीमचा कॉम्प्युटर डिप्लोमाचा सिलॅबस घ्या आणि मुंबई विद्यापीठाचा २०१९ चा सी स्कीम घ्या. आता दोन्हीकडे नवे आराखडे आलेत, पण पद्धत समजायला ही जोडी चांगली आहे.

डिप्लोमाच्या तिसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर आहे, कॉम्प्युटर ग्राफिक्स आहे. डिग्रीच्या तिसऱ्या सेमिस्टरला काय आहे? डेटा स्ट्रक्चर आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स. म्हणजे जे विषय मुलाने एकदा केलेत, प्रॅक्टिकलसकट, जर्नल लिहून, ओरल देऊन, तेच तो पुन्हा करणार. खोली वेगळी असते हे मान्य. पण लिंक्ड लिस्टची पहिली ओळख दोनदा होते, हे नक्की.

आणि जे केलेलं नाही ते? पहिल्या वर्षाचं गणित. डिप्लोमात डिफरन्सिएशन होतं, इंटिग्रेशन होतं, पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल समीकरणं होतात. डिग्रीच्या पहिल्या वर्षात त्यापुढे पार्शियल डिफरन्सिएशन, बीटा आणि गॅमा फंक्शन, दुहेरी-तिहेरी इंटिग्रेशन येतं. हे सगळं डिप्लोमावाल्याच्या ४० क्रेडिटच्या गठ्ठ्यात "झालं" म्हणून धरलेलं असतं.

मग एम-थ्रीमध्ये लाप्लास ट्रान्सफॉर्म येतो. टी च्या एन घाताचा लाप्लास म्हणजे वर एन फॅक्टोरियल आणि खाली एस चा एन अधिक एक घात. हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. परीक्षेत प्रश्न येतो: टी च्या वर्गमुळाचा लाप्लास काढा. एन बरोबर अर्धा. आता अर्ध्याचं फॅक्टोरियल कसं काढायचं?

बारावी आणि फर्स्ट इयर करून आलेल्याला यात काही वाटत नाही. फॅक्टोरियलच्या जागी गॅमा फंक्शन लिहायचं, दीडचा गॅमा म्हणजे अर्धा गुणिले पायचं वर्गमूळ, झालं. मी मात्र त्या ओळीपाशी अडकले होते. मला वाटलं मी सूत्र चुकीचं पाठ केलंय. तसंच कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्समध्ये कोशी-रीमान समीकरणं आली. ती पार्शियल डेरिव्हेटिव्हमध्ये लिहितात. सर फळ्यावर सरसर लिहीत गेले आणि मी ते वाकडं चिन्ह वहीत काढायला शिकत होते.

एवढ्या दोन गोष्टींनी केटी लागत नाही, हे खरं. पण लेक्चर सुटायला लागलं, मग ट्युटोरियल उतरवून काढायला लागले, मग "डिप्लोमावाल्यांना मॅथ्स जमत नाही" हे वर्गातलं वाक्य मला स्वतःलाही पटायला लागलं. खरी हानी तिथे झाली. काय शिकायचं राहिलंय याची दहा ओळींची यादी कोणी दिली असती, तर मी त्या सुट्टीत ती संपवली असती. यादी नव्हती, म्हणून मी स्वतःला दोष दिला.

याच गोष्टीचा संशोधनाचा प्रश्न कसा होतो?

आता संशोधनाकडे वळू. समजा तुमचा एमटेकचा किंवा पीएचडीचा विषय आहे: "थेट द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांची कामगिरी". बहुतेक जण पहिल्या झटक्यात काय करतात? तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल मिळवतात, डीएसईवाल्यांची सरासरी काढतात, सीईटीवाल्यांची काढतात, फरक दिसतो, आणि निष्कर्ष लिहितात.

यावर जुनं काम आहे. १९६५ मध्ये हिल्स नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या ज्युनिअर कॉलेजातून विद्यापीठात गेलेल्यांवरचे अभ्यास एकत्र वाचून "ट्रान्सफर शॉक" हा शब्द वापरला: बदलीनंतर लगेच गुण घसरतात आणि बऱ्याचदा पुढे सावरतात. शब्द चांगला आहे, पण तो घसरणीचं नाव आहे, कारण नाही. तुमचं काम कारणाचं आहे.

संभाव्य कारणं मांडू.

एक: विषयातली दरी, म्हणजे गॅमा फंक्शन शिकलेलंच नाही.

दोन: उशिरा प्रवेश. डीएसईचे कॅप राउंड संपेपर्यंत अनेकदा तिसऱ्या सेमिस्टरची लेक्चर सुरू झालेली असतात.

तीन: नवं वातावरण, नवे मित्र, परीक्षेची वेगळी पद्धत.

चार: निवड. डिप्लोमाला जाणारी मुलं आणि अकरावीला जाणारी मुलं दहावीलाच वेगळी झालेली असतात. कधी गुणांवरून, कधी घरच्या पैशांवरून, कधी लवकर नोकरी हवी म्हणून. हा फरक तिसऱ्या सेमिस्टरने निर्माण केलेला नाही.

नुसत्या एकूण सरासरीवरून या चार गोष्टी सुट्या होत नाहीत. मग काय करायचं? प्रत्येक कारण खरं असेल तर आकडे कसे दिसायला हवेत, ते आधी लिहा. डेटा बघायच्या आधी.

दरी हे मुख्य कारण असेल, तर घसरण एम-थ्रीमध्ये दिसली पाहिजे, आणि एम-थ्रीमध्येही लाप्लास, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स अशा विशिष्ट प्रश्नांवर. उशिरा प्रवेश किंवा नवं वातावरण हे कारण असेल, तर घसरण सगळ्या विषयांत पसरलेली दिसली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, मग एम-थ्रीची तुलना डेटा स्ट्रक्चरशी करू. थांबा. डेटा स्ट्रक्चर डिप्लोमावाल्याने आधीच केलंय. तिथे तो पुढे असणारच, त्यामुळे वातावरणाचा परिणाम झाकला जाईल. तुलनेला असा विषय हवा जो दोन्ही गटांना सारखाच नवा आहे. सी स्कीमच्या त्याच सेमिस्टरला डिस्क्रीट स्ट्रक्चर्स आणि ग्राफ थिअरी आहे. संच, संबंध, आलेख. त्यात गॅमा फंक्शन लागत नाही, पार्शियल डेरिव्हेटिव्ह लागत नाही, आणि फर्स्ट इयरलाही ते झालेलं नसतं. गणिती विषय आहे, पण ही दरी नाही.

म्हणजे तीन विषय झाले: एकात डिप्लोमावाला मागे, एकात पुढे, एकात बरोबरीला. डिस्क्रीटमध्ये दोन्ही गट जवळजवळ असतील आणि एम-थ्रीमध्ये लांब, तर दरीच्या बाजूने पुरावा मिळाला. डिस्क्रीटमध्येही तेवढंच अंतर असेल, तर माझी आवडती कल्पना चुकली, आणि मला ते मान्य करावं लागेल. चुकण्याची अशी जागा ज्या प्रश्नात नसते, तो अजून संशोधनाचा प्रश्न झालेला नसतो.

आणखी दोन सावधगिरी. जे वर्ष ड्रॉप करून गेले ते चौथ्या सेमिस्टरच्या यादीत दिसत नाहीत. त्यामुळे "पुढे सावरतात" हे वाक्य फक्त टिकलेल्यांबद्दल खरं असू शकतं. आणि विद्यार्थ्यांचे गुण ही खासगी माहिती आहे. संस्थेची परवानगी, नावं काढून टाकलेली यादी आणि एथिक्स समितीची मंजुरी यांशिवाय एक्सेल उघडूही नका. "सर ओळखीचे आहेत, देतील" हे मेथडॉलॉजीमध्ये लिहिता येत नाही.

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सने हे सुटेल का?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. यूजीसीने जुलै २०२१ मध्ये या बँकेचे नियम काढले. तुमचा बारा अंकी आयडी, त्यावर डिजिलॉकरमार्फत जमा होणारे क्रेडिट. मुख्य नियम तीन लक्षात ठेवा. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. जी संस्था पदवी देणार, तिथे किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले असले पाहिजेत. आणि एकदा एखाद्या पदवीसाठी वापरलेले क्रेडिट पुन्हा दुसरीकडे वापरता येत नाहीत. शिवाय स्वयंवरच्या ऑनलाइन कोर्समधून एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स करण्याची मुभा यूजीसीच्या नियमांत आहे, पण ती तुमच्या संस्थेने स्वीकारली आहे का ते विचारावं लागतं.

ही बँक पहिल्या प्रश्नाचं काम सोपं करते: नोंद हरवत नाही, मार्कशीटच्या अटेस्टेड प्रती घेऊन फिरावं लागत नाही. दुसऱ्या प्रश्नाचा निर्णय मात्र घेणाऱ्या संस्थेकडेच राहतो. आणि तिसऱ्या प्रश्नाला बँकेकडे उत्तर असू शकत नाही, कारण खात्यात तास जमा होतात.

संशोधनाला जाणाऱ्यांना हे का टोचतं?

तुम्हाला वाटेल, केटी निघाली की विषय संपला. नाही संपत.

यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करायचा तर ७५ टक्के किंवा तेवढी ग्रेड लागते. डीएसईवाल्याची सरासरी जिथे सहाच सेमिस्टरची धरतात, तिथे तिसऱ्या सेमिस्टरचं वजन एक अष्टमांश नसून एक षष्ठांश असतं. पाच सेमिस्टरला ९ आणि एकाला ६ मिळाले, तर सरासरी ८.५. तोच एक ६ आठ सेमिस्टरमध्ये असता, तर ८.६३. क्रेडिट सगळीकडे सारखे धरलेत, पण मुद्दा कळतो: सगळ्यात अवघड सेमिस्टर डीएसईवाल्याच्या हिशेबात जास्त जड पडतं.

गेटच्या बहुतेक पेपरांत इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सला साधारण १३ गुण असतात. म्हणजे न भरलेली दरी तिथे पुन्हा भेटते. माझ्या पीएचडीच्या मुलाखतीत एका सरांनी मार्कशीटवर बोट ठेवून विचारलं, "एम-थ्रीला काय झालं होतं?" मी सगळं सांगितलं, सूत्रासकट. ते म्हणाले, "मग हाच विषय का घेत नाही?" आज मी त्यावरच काम करते.

आणि पीएचडीला लागल्यावरही क्रेडिट सुटत नाहीत. त्याच नियमांप्रमाणे किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क असतं, त्यात संशोधन नीतिमत्तेचा कोर्स येतो. एमफिलचं किंवा दुसरीकडचं कोर्सवर्क हाताशी असेल, तर तिथेही हेच तीन प्रश्न विचारा.

मग काय करायचं?

थेट द्वितीय वर्षाला जाणार असाल, तर ऑप्शन फॉर्म भरून झाल्यावर एक संध्याकाळ काढा.

कागदावर दोन रकाने करा. डावीकडे ज्या विद्यापीठात जाणार त्याच्या पहिल्या वर्षाच्या गणित, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल अशा विषयांचे युनिट. उजवीकडे तुमच्या डिप्लोमात ते कुठे झालं. बांद्र्याचं गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक किंवा पार्ल्याचं भागूभाई अशा स्वायत्त ठिकाणचे असाल, तर एमएसबीटीईचा सिलॅबस वापरू नका, तुमच्या संस्थेचाच वापरा.

मग तिसऱ्या सेमिस्टरचा सिलॅबस उघडा आणि प्रत्येक युनिटपुढे लिहा: याला डावीकडचं काय लागतं? रिकामं राहिलेलं आणि पुढे लागणारं, तेवढंच आधी शिका. सगळं फर्स्ट इयर पुन्हा करायची गरज नाही. यादी बहुतेक एका पानात मावते.

आणि जे दोनदा येणार आहे, त्याचा वेळ गणिताला द्या. डेटा स्ट्रक्चर तुम्हाला येतंय. तिथला एक तास एम-थ्रीकडे वळवा.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठलं आणि सांगितलं, "काल चुकीचं बोलले. वर्ष ट्रान्सफर होतं. शिकलेलं आपल्याला न्यावं लागतं." त्याला फारसं कळलं नाही. मग आम्ही कट्ट्यावर बसून तो तक्ता केला. उजव्या रकान्यात अकरा जागा रिकाम्या निघाल्या. तो थोडा घाबरला आणि मग म्हणाला, "एवढंच ना?"

हो, एवढंच. मला हे अकरा आकडे वेळेवर कोणी सांगितले नव्हते. तुमचा तक्ता करून बघा, तुमचे किती निघतात ते.